पत्रव्यवहारासाठी पत्ता

वोब्बे हेटिंगांना मोठ्याने बोलताना मी उभ्या आयुष्यात एकदाच ऐकलं, आणि तेच त्यांना महागात पडलं.

नेदरलँड्समधल्या आमच्या बोल्सवर्डच्या शाळेत त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "राहून गेलं," दळण आणायचं राहून जावं तसं. शाळा सुटली की गुडघाभर बूट चढवायचे आणि शेतांमधल्या चरांतून पाणगोगलगायी वेचत फिरायचे. निवृत्त झाल्यावर तर दिवसभर तेच.

मी आमच्या गोगलगाय मंडळाची चिटणीस. हसा, सगळेच हसतात. पण आमचं जर्नल माझ्या आजीपेक्षा जुनं आहे आणि जगभरातले गोगलगायवाले ते वाचतात. म्हणजे ज्यांच्या विद्यापीठाने वर्गणी भरलीय ते वाचतात. बाकीच्यांना पहिला परिच्छेद दिसतो आणि पुढे कुलूप. जर्नल आमचं, पण छापणारी कंपनी लंडनची, आणि कुलपाची किल्ली तिच्या कमरेला.

वोब्बेंना कुठलं आलंय विद्यापीठ! मग ते सरळ लेखकालाच मेल करायचे. "तुमचा अमुक लेख मला वाचायचा आहे, पाठवाल का?" आणि माणसं पाठवायची हो! नुसता लेख नाही, सोबत चार ओळी. पोलंडमधल्या क्राकूवचा झ्बिग्न्येव्ह लिहायचा की मुलगी घटस्फोट घेऊन परत आलीय. चिलीतली एक बाई कुत्र्याचे फोटो पाठवायची. आमच्याकडे घरोघरी संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं, तसं वोब्बेंकडेही होतं, पण त्यांच्या कॅलेंडरात शेजारच्यांचं एक नाव नाही. सगळी क्राकूव आणि चिलीची.

शनिवारी मंडळात कॉफीला आले की बातम्या सुरू. "अगं रेन्स्के, झ्बिग्न्येव्ह आजोबा झाला!" जणू यांचाच नातू. मी म्हणायची, "मग आज बिस्किटं दोन घ्या." घ्यायचे एकच.

तर ते मोठ्याने बोलले ते वार्षिक सभेत. जर्नल सगळ्यांना फुकट वाचायला खुलं करायचं की नाही, यावर वाद पेटला होता. खजिनदार म्हणाले, "चाललंय ते बरं चाललंय." तेवढ्यात वोब्बे उठले. "चर कुणाच्या बापाचा नाही, गोगलगाय कुणाच्या बापाची नाही, मग तिच्याबद्दल लिहिलेलं कुलपात का?" कान लाल झाले होते त्यांचे. टाळ्या पडल्या, हात वर झाले, ठराव मंजूर.

मग मी कंपनीचा करार वाचून दाखवला. दिसायला गोगलगाय, पोटात पाय! वाचणाऱ्याला फुकट, पण छापून घेणाऱ्याने पैसे भरायचे. देशातल्या विद्यापीठांनी आपापल्या लोकांचे आधीच एकत्र भरून ठेवलेत. ज्याला विद्यापीठ नाही त्याने स्वतःच्या खिशातून भरायचे, हे वाक्य सगळ्यात शेवटी होतं. मी ते वाचलं. पण शेजारच्या खोलीतून वाटाण्याच्या सुपाचा वास येत होता, लोक कोट शोधत होते. आमच्याकडे सभेच्या शेवटी अध्यक्ष एकेकाचं नाव घेऊन विचारतात, काही प्रश्न? आणि सूप वाट पाहत असताना प्रश्न विचारणाऱ्याला वर्षभर कुणी माफ करत नाही. "हेटिंगा, काही प्रश्न?" "नाही," म्हणाले वोब्बे. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

जर्नल खुलं झालं. पाठोपाठ इतर जर्नलंही खुली झाली. वोब्बेंना घरबसल्या हवा तो लेख मिळायला लागला. आणि शनिवारच्या बातम्या आटल्या. मी विचारलं, "झ्बिग्न्येव्हचा नातू चालायला लागला का?"

"कोण जाणे. त्याचा नवा लेख वाचला. बटण दाबलं, आला."

"मग करा की त्याला मेल! तुमचा हात कुणी धरलाय?"

"काम काय सांगू?" ते म्हणाले.

आमची फ्रीजलंडची माणसं अशीच. कामाशिवाय शेजाऱ्याचंही दार वाजवत नाहीत, क्राकूवचं कुठून वाजवणार?

पण त्यांच्या मनात एक होतं, आणि ते त्यांनी मला सांगितलं. आमच्या चरांतली जी गोगलगाय सगळे एकच जात समजतात, त्या दोन जाती आहेत. वर्षानुवर्षं पाण्यात उभं राहून त्यांनी ते पक्कं केलं होतं. आता त्यावर लेख लिहीत होते. "लेखाच्या पहिल्या पानावर खाली लेखकाचा पत्ता असतो बघ, पत्रव्यवहारासाठी," ते म्हणाले. "दोन जाती म्हटल्यावर लोक भांडायला येतील. झ्बिग्न्येव्ह तर नक्कीच. लिहितील मला." हे बोलताना इतके खुलले होते की मला भरून आलं. माणसाला माणूस हवं असतं, आणि ते मागायला याला गोगलगाय लागत होती.

आमच्या जर्नलच्या तपासणाऱ्यांनी लेख पसंत केला. मग पैसे भरायचं कंपनीचं पान उघडलं: 'तुमची संस्था निवडा.' शाळा त्यात नाही, मंडळ नाही. खाली रक्कम, जुनी मोटार आली असती तेवढी. मी कंपनीला फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सूट गरीब देशांना असते. नेदरलँड्स त्यात बसत नाही."

"अगं पण हे बसतात ना!" मी ओरडले. तिने मला दिवस चांगला जावो म्हटलं. मेली.

मंडळाने भरावेत तर तिजोरीत खडखडाट. वोब्बे स्वतः भरायला तयार नव्हते. "पैसे देऊन स्वतःला छापून घ्यायचं? लाज वाटेल मला."

तेव्हा निंके मदतीला आली. त्यांचीच विद्यार्थिनी, आता ख्रोनिंगनच्या विद्यापीठात आहे. पोरगी सोन्यासारखी, तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. म्हणाली, "सर, मी गोगलगायींची जनुकं तपासून देते, दुसरं नाव माझं घाला. पत्ता माझा दिला की पैसे विद्यापीठाच्या खात्यातून जातील. पहिलं नाव तुमचंच!"

"दोघांचे पत्ते नाही का चालत?" वोब्बेंनी विचारलं.

"एकच चालतो, सर. पत्ता ज्याचा, पैसे त्याच्या संस्थेचे."

वोब्बे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "छापून तर येऊ दे!" त्यांनी मान डोलावली.

लेख आला. देखणा आला. फुकट, कुणालाही वाचता येईल असा. पहिलं नाव हेटिंगा, आणि खाली पत्ता निंकेचा. दर शनिवारी ते यायचे, कोट काढायचे, विचारायचे, "मंडळाच्या पत्त्यावर माझं काही?" मी म्हणायची, "थांबा हो, गोगलगायवाले आहेत, हळूच येणार." माझं मलाच ते खोटं वाटायचं.

वसंतात निंके केक घेऊन आली, आनंदाने नुसती फुललेली. "सर, तुमच्या लेखाने धुमाकूळ घातलाय! किती मेल आले सांगू! चिलीहून, लिस्बनहून. आणि क्राकूवचा एक म्हातारा तर काय भांडला, म्हणे दोन नाहीत, एकच जात आहे!"

"झ्बिग्न्येव्ह," वोब्बे म्हणाले. खुर्चीत पुढे सरकले. "काय उत्तर द्यायचं ते मी—"

"दिलं की मी! सगळ्यांना दिलं. तुम्हाला कशाला त्रास? जनुकांचा तक्ता पाठवला, गप्प झाला बिचारा. म्हणाला, पटलं."

"आणखी काय लिहिलं होतं त्याने?"

"आणखी?" निंके केक कापत म्हणाली. "हां, विचारत होता, हेटिंगा अजून आहेत का. मी लिहिलं, आहेत, ठणठणीत आहेत."

वोब्बे खुर्चीत मागे टेकले. "छान केलंस," म्हणाले, आणि तिचे मनापासून आभार मानले. मला मात्र राहवेना. ती हात धुवायला गेली तशी मी त्यांच्या कानाशी लागले. "वोब्बे, आज घरी जा आणि त्याला लिहा. त्याने तुमची चौकशी केलीय. आता तरी काम आहे ना?"

त्यांनी थोडा विचार केला. खरंच केला.

"नाही गं," ते म्हणाले. "त्याने विचारलं होतं, आणि त्याला उत्तर मिळालंय."