चार रकान्यांचे सर

आम्हाला इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या सरांइतका कुणाच्याच सांगण्यावर विश्वास न ठेवणारा आणि तरी सगळ्यांना हवाहवासा वाटणारा माणूस धाराशिव जिल्ह्यात दुसरा नसेल. कुणी काहीही सांगितलं, की सर चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "कशावरून?" हेडसरांनी मोबाइलवर आलेला मजकूर स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचायचं सोडून दिलं ते यांच्यामुळंच. एकदा स्टँडवर कंट्रोलरनं सांगितलं, की तेरखेड्याची गाडी पाचला सुटते. सरांनी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, बोर्डावर लिहिलंय. बोर्ड कधी रंगवला आणि कुणाला विचारून रंगवला, याची चौकशी सर करत बसले तोवर गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्याबरोबर त्यांनी स्वतःच हे सांगितलं, वर म्हणाले, बोर्ड खरा निघाला, पण ते मला आता खात्रीनं ठाऊक झालं.

पुस्तकातला धडा ते पंधरा मिनिटांत उरकायचे. उरलेल्या वेळात वहीचं पान आडवं धरून चार रकाने पाडायला लावायचे: कोण सांगतंय, डोळ्यानं बघितलंय का नुसतं ऐकलंय, तसं सांगण्यात त्याचा काय फायदा, आणि दुसरं कोण काय म्हणतंय. गावातली जुनी विहीर कुणी खोदली, एवढं विचारायला आम्हाला धाडलं, तर तीन घरांनी आपापल्या पणजोबांचं नाव सांगितलं आणि चौथ्या घरानं आम्हाला हाकलून दिलं. सर खूश झाले. म्हणाले, चौथ्या घराचंही लिहा, हाकलणंसुद्धा उत्तरच असतं.

नववीत त्यांनी हजेरीपट उघडला. वर्गात आम्ही बत्तीस, त्यातल्या सव्वीस जणांचा जन्म एक जूनचा. आमच्याकडं ही रीतच होती; पोराला शाळेत घालायला बाप यायचा, तारीख कुणाला ठाऊक नसायची, मास्तर अंदाजानं वर्ष धरायचे आणि पुढं एक जून लावून टाकायचे. खुद्द सरांचीही तीच तारीख. "सव्वीस आया एकाच दिवशी बाळंत झाल्या, आन् गावाला पत्ता न्हाय?" सर म्हणाले. "जा, खरी तारीख हुडकून आणा."

माझी आई म्हणाली, तू पोळ्याच्या आदल्या दिवशीची. सुईण आजीनंही तेच सांगितलं, पण साल दोघींनाही सांगता येईना. ते शेजारच्या खालानं सोडवलं. तिची शबाना आणि मी एकाच आठवड्यातल्या, आणि शबाना सरकारी दवाखान्यात झालेली, त्यामुळं तिचा जन्माचा कागद होता. रकाने भरले तेव्हा कळलं, की शाळेनं मला सव्वा वर्षानं थोरली केलीय. सरांनी लाल शाईनं 'उत्तम' लिहिलं. मला वाटलं, संपलं.

बारावीची परीक्षा झाली आणि स्थळ आलं. माझ्या वडिलांना सगळा गाव नाना म्हणतो. नानांचा हिशेब सरळ होता: एक जूनला पोरीला अठरा भरतात, दहा तारखेला लग्न. माझं कॉलेज तिथंच संपणार होतं. मी वही घेऊन सरांच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच सर आमच्या ओट्यावर हजर. चहा घेतला, पाऊसपाणी विचारलं आणि मग चष्मा वर गेला.

"नाना, पोर अठराची कशावरून?"

"दाखल्यावरून."

"दाखला कुणी लिहिला?"

"मास्तरानं."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"म्याच की."

"आन् तुम्हाला?"

नाना जरा तापले. "सर, शाळेतलं शाळेत ठिवा. माझी पोर हाय, मला ठाव न्हाय व्हय?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई बोलली, "तुमाला कुठलं ठाव? तुमी बैल धुवाया गेलता वड्याला. पोर झाली तवा घरी आमी बायाच हुतो." सरांनी शांतपणे माझी वही उघडली, दुसऱ्या रकान्यात नानांच्या नावापुढं 'ऐकीव' लिहिलं आणि वही त्यांच्यासमोर धरली. नानांनी वही हातात घेऊन ते पान वाचलं. मग हसू दाबत म्हणाले, "मास्तर, माझ्याच घरात मला ऐकीव केलंत व्हय." सव्वा वर्ष थांबा, असा निरोप त्यांनी पाहुण्यांना धाडला. पाहुण्यांना थांबायचं नव्हतं, त्यांनी दुसरीकडं जमवलं. मी धाराशिवला बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पदवीचा कागद नानांनी स्वतः भिंतीवर लावला, आणि आता पोरीचं लग्न आपणच लांबवलं, असं ते चारचौघांत सांगतात.

यंदा मेअखेर सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमानंतर मी त्यांना विचारलं, सर, तुमची खरी तारीख सापडली का? त्यांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. त्यांचं गाव सास्तूरकडचं. म्हणाले, आई, चुलती, आमची सुईण, शेजारच्या बाया, सगळ्या त्र्याण्णवच्या भूकंपात गेल्या. मी नोकरीच्या गावी होतो. "विचारायचं सुचलं, तवर सांगणारं कुणी उरलं नव्हतं."

मग त्यांनी विचारलं, "तुझी आई बरी हाय का?"

बरी आहे, म्हटलं.

"तिला अजून लई काय काय ठाव असंल. जा, बस तिच्यापाशी."