पाईलला पिवळा कठडा

माझा नवरा लॉरेन्स इथे आखातात दुखानच्या तेलक्षेत्रावर सेफ्टी ऑफिसर आहे. तिथे असो बापडा, पण गुरुवारी शहरात, बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटवर आला की घरीही तेच. हॉटेलात गेलो तर बाहेर पडायचं दार बघितल्याशिवाय हा खुर्चीला टेकत नाही. मी नर्स आहे, रोज रक्त बघते, मी नाही बाई एवढी घाबरत.

गेल्या वर्षी आमच्या क्रिस्टीने शाळेच्या प्रदर्शनासाठी ज्वालामुखी केला. ह्याने खबरदारी म्हणून त्यात इतकी वाळू ओतली की तो उसळलाच नाही. पोर रडरड रडली. यंदा काहीही करून तिला आंतरशालेय फेरी गाठायची होती, आणि डॅडींनी मॉडेलला हात लावायचा नाही असं तिने बजावलं होतं.

यंदा होता शिकागो पाईल. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, शास्त्रज्ञांनी स्टेडियमच्या स्टँडखाली ग्राफाइटच्या विटा आणि युरेनियम रचून पहिली अणुभट्टी उभारली, ती. क्रिस्टीने थर्माकोलच्या विटा काळ्या रंगवल्या. लॉरेन्सला नावापासूनच खटकलं. पाईल म्हणजे ढीग. एवढ्या मोठ्या कामाला ढीग म्हणतात का, रिअ‍ॅक्टर लिही म्हणाला. ते लोक पाईलच म्हणायचे, क्रिस्टीने सुनावलं. मग सेफ्टीचं काय, ह्याने विचारलं. तर म्हणे, वर भट्टी विझवायच्या द्रावणाच्या बादल्या घेतलेली माणसं, आणि एक कुऱ्हाडवाला. त्याने दोरी तोडली की तिला टांगलेला, भट्टी थांबवणारा रॉड आत पडून सगळं बंद. त्या दिवशी लॉरेन्सला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही मायलेकी चर्चमध्ये मिसाला गेलो, हा घरीच राहिला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शनिवारी शाळेत मॉडेलवरचं कापड काढलं, तर पाईलला पिवळा कठडा, बाजूला लालचुटूक फायर एक्स्टिंग्विशर, कोपऱ्यात असेंब्ली पॉइंटची हिरवी पाटी! सगळं नखाएवढं, सुबक. क्रिस्टीचा चेहरा पांढराफटक. मी असं बघितलं की लॉरेन्स खांबाआड सरकला. तेवढ्यात परीक्षक आलेच. पाटीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे १९४२ मध्ये होतं का?

हो म्हणाली असती तर बादच होती. क्रिस्टीने एकेक वस्तू उपटून मुठीत घेतली, कुऱ्हाडवाला तेवढा ठेवला.

"नाही सर," ती म्हणाली, "ह्यातलं काहीच नव्हतं. तेव्हा तिथे माझे डॅडी नव्हते ना."

परीक्षक खो खो हसले आणि तिला पुढच्या फेरीत घेतलं. लॉरेन्स खांबाआड डोळे पुसत होता. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. मग तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आग्नेस, ह्या हॉलला दुसरं दारच नाहीये, बघितलंस?"