कापलेल्या केबलवरून गेलेला अर्ज

भूतखेत, दैवी संकेत वगैरे मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. बार्शीटाकळीहून एका पिशवीनिशी अमरावतीत आलो, जुने मोटारपंप घेऊन-विकून राजापेठेत घर बांधलं. वस्तू उघडून पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवत नाही. तेव्हा ‘काकांना भास झाला’ म्हणणाऱ्यांनी आधी पूर्ण वाचावं.

दिवस खंडेनवमीचा. माझ्या मुलीला, प्राजक्ताला, अकोल्याच्या शेती कॉलेजात जायचं होतं. ऑनलाइन अर्जाची शेवटची फेरी त्याच संध्याकाळी पाचला बंद होणार होती. अर्ज गेला नाही तर वर्ष गेलं. मोबाईलवर कागदपत्रं जोडायचं पान कोरंच येत होतं. नेट कॅफेवाल्यांनी कॉम्प्युटरला हार घालून शटर ओढलेलं... उरला घरचा कॉम्प्युटर. त्याचीही सकाळीच माझ्या बायकोने, सुनंदाने, पूजा केलेली.

“अवो, आज चालू नोका करू,” ती म्हणाली. “पुजलेली वस्तू उद्या उचलतेत.”

“उद्या कॉलेज काय तुई वाट पाहीन?” म्हणालो आणि बटण दाबलं.

चालू झाला. पण नेटची केबल लावली की दोन मिनिटांत थिजायचा — माउस हलेना, कोपऱ्यातलं घड्याळही बंद. केबल उपसली की पुन्हा ठीक. तीन वाजता गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या इरफानला बोलावलं. वीस वर्षं हेच काम करतो. त्याने केबलच्या खाचेत टॉर्च मारला.

“सेठ, लॅन कार्डात कुंकू भरलं. अक्षता बी हायेत.”

“मंग काढ ना. पाहून काहून राहिला?”

सुनंदा आत निघून गेली.

ब्रशने साफ केलं — तेच. नवीन कार्ड टाकलं. त्या घाईतही मी भाव पाडलाच. “पोरीचं वरीस चाललं अन् तुमी घासाघीस करून राहिले,” इरफान म्हणाला. नव्या कार्डावरही तेच. राउटर बदलला — तेच. 

साडेचार झाले. केबल लावल्यावरच्या दोन मिनिटांत प्राजक्ताने अर्जाचं पान उघडून घेतलं आणि केबल काढून बाकी सगळं भरलं होतं, फक्त डोमिसाइलचा दाखला सापडत नव्हता. “आता जॅकच पाहतो,” म्हणत इरफानने पकडीने केबलचं टोक कापलं. रंगीत तारा मी हातात धरून उभा होतो. तेवढ्यात सुनंदाने कपाटातून डोमिसाइल शोधून आणलं, प्राजक्ताने ते स्कॅन करून जोडलं. हा क्रम लक्षात ठेवा. आधी केबल कापली, मग कागद जोडला.

नवीन जॅकमध्ये तारा बसेनात, इरफानच्या बोटांतून सारख्या सुटत होत्या. पाचला दहा मिनिटं. माझं डोकं सणकलं. मी पुढे झालो आणि ‘सबमिट’वर क्लिक केलं. स्क्रीन थिजली.

“बाबा, काय केलं हे? केबल तं इरफानचाचाच्या हातात हाये...” प्राजक्ता रडायलाच आली.

आणि तिचा मोबाईल वाजला. अर्ज मिळाल्याचा मेसेज, खाली अर्ज क्रमांक. इरफानने हातातल्या तारांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्या कॉम्प्युटरला वायफाय नाही, कधी नव्हतं. दुसऱ्या दिवशी अर्जाची प्रिंट काढली — त्यात डोमिसाइलही होतं.

आता माझा राग ऐका. ज्याच्या हातात पक्कड होती, तोच इरफान राजापेठेत सांगत फिरतो की अर्ज आधीच गेला असेल, सेठला वयामुळे आठवत नाही. मी त्याला दुकानात जाऊन विचारलं, “केबल कोणं कापली?”

“मीच. पण लोकाइले हे सांगू तं मले काम कोण देईन, सेठ?”

सुनंदा म्हणते, पुजलं म्हणून पावलं. मग दुपारभर थिजलं कशाला? मी एका इंजिनिअरला विचारलं, तो हसला. हसायला डोकं लागत नाही.

प्राजक्ताला सीट मिळाली, ती आता अकोल्याला होस्टेलवर असते. परवा फोनवर म्हणाली, “बाबा, हे लिहू नोका कुठं. कोणी माह्या ॲडमिशनवर शंका घेईन.”

घ्यावी. अर्ज कसा पोहोचला हे मला आजही सांगता येत नाही, आणि उगाच सांगणारही नाही. पण त्यातले मार्क तिचे होते, कागद खरे होते, वेळ पाचच्या आतली होती. तेवढ्यावर मी कोणासमोरही उभा राहतो.