चंद्रभागेचा रिकामा डबा

बमरोलीच्या अंबिकाधारा वसाहतीत चंद्रभागा एकवीस वर्षं कचरा उचलत होती, पण कचरा म्हणजे काय हे तिला कुणी शिकवलं ते यंदा. संस्थेची धनश्रीताई आली, भिंतीला तक्ता टांगला आणि बालवाडीत बोलावं तशा सुरात म्हणाली, "मावशी, हाऽऽ ओला. हाऽऽ सुका. म्हणा बरं!"

आता ही बाई डोळे मिटून पिशवी चुरगाळायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, ही कडक, ही नरम, ही भंगारवाला तोंडावर फेकेल. तरी बिचारी म्हणाली, "हा ओला. हा सुका." मग हळूच विचारलं, "ताई, चिंधी कोनत्या डब्यात?"

प्रश्न साधा होता. अंबिकाधारात घरोघर बाया मजुरीवर साड्यांचे लोंबते धागे कापतात, त्यामुळे इथल्या कचऱ्यात भाजीच्या देठांपेक्षा धागे आणि चिंध्याच जास्त. ताईनं तक्ता वरून खाली पाहिला. केळीची साल होती, शाम्पूची बाटली होती. चिंधी नव्हती.

"ते आपण नंऽऽतर बघू हं, मावशी."

"बघा बघा," चंद्रभागा म्हणाली. "तवर मी डोक्यावर घेऊन उभी राहते."

पण तिनं संस्थेचं नारिंगी जाकीट अंगात घातलं, कारण त्याच्यापाठोपाठ कार्ड मिळणार होतं. तिचा नवरा काशीराम कापड रंगवायच्या मिलमध्ये होता तेव्हापासून तिनं मिलच्या फाटकावर, दुसऱ्या वसाहतींच्या दारात वॉचमनांचं "ए बाई, बाहेर!" ऐकलेलं. कार्डावर फोटो असणार होता. कार्डवालीला फाटक उघडं, आणि वसाहतीचं सगळं सुकं सामान शेडमध्ये निवडून विकायचा हक्क तिचा. अट एकच. पंधरा दिवसांनी साहेब तपासणीला येतील तेव्हा वसाहतीचा सुक्याचा निळा डबा निदान अर्धा भरलेला हवा. नाहीतर ही वसाहत कचऱ्याच्या गाडीवाल्यांच्या माणसांकडे, आणि चंद्रभागा पुन्हा फाटकाबाहेर.

वर आणखी एक नियम गाडीवरच्या वैभवनं सांगितला. हा पोरगा बोलायचा तो गाडीवरच्या भोंग्यासारखाच, एकच वाक्य, एकाच चढावर. "मावशी, जिना चढायचा नाय. लोक खाली येतील. मावशी, जिना चढायचा नाय!"

"आरे, आयकलं! बहिरी नाही मी."

एकवीस वर्षं जी जिने चढली ती आता खाली डब्याजवळ उभी राहिली. लोक आले. हिरव्या डब्यात देठं पडली, सालं पडली, चहाची पत्ती पडली. निळ्या डब्यात पहिल्या दिवशी एक चप्पल. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पायाची, वेगळ्या जोडीतली. आठव्या दिवशी कुणीतरी फुटकी पणती टाकली आणि वर हात जोडले.

चंद्रभागेचं डोकं फिरायची वेळ आली. दूध पिशवीतलं, तेल पाऊचमधलं, बिस्किटं पुड्यातली, साड्या खोक्यातल्या. मग जातं कुठं सगळं? "खाता का काय व तुम्ही पुठ्ठे?" ती खालून ओरडायची. "शुक्रवारी साहेब येनार! माझ्या कार्डाचं वाटोळं करता का?"

वरच्या गॅलऱ्यांतून बाया माना डोलवायच्या. तिसऱ्या मजल्यावरची पुष्पाबाई तर चक्क डोळा मारायची.

"डोळे काय मारते? डबा भर!"

पुष्पाबाई आणखी एकदा डोळा मारायची.

शुक्रवारी साहेब आले. हातात फाइल, नाकाला रुमाल. निळ्या डब्यात वाकून पाहिलं आणि त्यांचा गुजराती आवाज डब्यातच घुमला, "आ शुं छे, बेन? डबो तो तद्दन खाली!"

वैभव म्हणाला, "साहेब, मावशी जिना चढली नाय!"

"जिनो कोणे पूछ्यो?" साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

ते पेन पाहून चंद्रभागेनं वर पाहिलं. पुष्पाबाई गॅलरीत ओठांवर बोट ठेवून उभी होती, आणि दाबल्या आवाजात, म्हणजे तीन इमारतींना ऐकू जाईल असं म्हणाली, "घाबरू नको व माय! तुनासाठी समदं ठेयेल शे! हाऊ साहेब जाऊ दे, मंग देस!"

तेव्हा कुठं चंद्रभागेच्या डोक्यात उजेड पडला. एकवीस वर्षं हर घरात दाराच्या कडीला तिची वेगळी पिशवी असायची. धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, चपटे केलेले खोके, गाठोड्यात बांधलेली चिंधी. ती सवय तिनंच लावलेली, आणि एकदा नाही, हजारदा सांगितलेलं, 'माझ्याबिगर कोनाला देऊ नका.' बायांनी गाडी पाहिली, निळा डबा पाहिला आणि ठरवलं, हे चोर चंद्रभागेचा माल न्यायला आलेत, आणि तिचं खालून ओरडणं त्यांनाच फसवायला आहे. पंधरा दिवस सगळ्या घरांनी माल पलंगाखाली लपवला होता.

"खाली आण!" चंद्रभागा हातवारे करत ओरडली.

पुष्पाबाईनं खिडकी लावून घेतली. पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरच्या तिन्ही खिडक्या लागल्या.

"आगं बायांनो! काय पाप केलं मी!" तिनं जाकीट काढून वैभवच्या खांद्यावर टाकलं आणि जिना चढली. वैभव तोंड उघडून थांबला, कारण जाकिटाविना चढणाऱ्या बाईसाठी त्याच्याकडे वाक्यच नव्हतं.

दहा मिनिटांत दोऱ्यांनी बांधलेली गाठोडी खाली येऊ लागली. निळा डबा भरला, दुसरा मागवला, तोही भरला. उरलेल्या गाठोड्यांनी साहेबांचे बूट झाकले.

"पण आ तो तमे लाव्या," साहेब म्हणाले. "रहेवासीए जाते डबामां नाखवुं पडे."

लोकांनी म्हणे स्वतःच्या हातानं डब्यात टाकायचं! चंद्रभागेनं कपाळावर हात मारला. धुतलेलं, सुकवलं, जातवार बांधलं, अजून काय लोकांनी आरती करून टाकायचं का? पण पेन उघडं होतं म्हणून ती गिळून बोलली, "साहेब, वेगळं त्यांनीच केलं. मी नुसतं पायऱ्या उतरवलं."

साहेबांनी बांधलेली चिंधी हातात घेऊन पाहिली, तक्त्याकडे पाहिलं, कुठल्या रकान्यात लिहावं ते त्यांनाही सापडेना. शेवटी त्यांनी 'आठ दिवस वधारे' असं लिहिलं, म्हणजे आणखी आठ दिवसांची मुदत. कार्ड मिळालं नाही, पण गेलंही नाही.

गाडी गेल्यावर चंद्रभागेनं सगळ्या बायांना पायरीवर बसवलं. "नीट ऐका. निळा डबा माझा. त्यात टाकलं म्हंजे मलेच दिलं. कळलं?"

"कळनं, कळनं!" बाया एका सुरात म्हणाल्या.

पुष्पाबाई तिच्या कानाशी वाकली. "रद्दी-बिद्दी टाकी देसूत त्या डबामां. पन चांगला पुठ्ठा तुनासाठी येगळा ठेवू ना?"