निरोगी गुडघ्यांच्या यादीत मी

गुडघ्यावरून माणूस ओळखणारी बाई अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच झाली, आणि ती कासार आंबोलीत माझ्या माडीवर दोन वर्षं भाड्यानं राहिली. तोंडाकडं ती बघायचीच नाही. सरपंचांना तिनं तीनदा नाव विचारलं, पण त्यांचा डावा गुडघा तिला पाठ. लग्नाला गेली की नवरा-नवरी राहिले बाजूला, पंगतीतनं कोण कसा हात टेकून उठतो तेवढंच बघत बसायची. एकदा माझ्या मेहुणीला म्हणाली, "मागच्या वर्षी तुम्ही बऱ्या उठत होता." मेहुणी अजून माझ्यावर रुसलेली आहे.

ती किती शिकलेली होती ते मला सांगता यायचं नाही, मी चौथीतनं शाळा सोडली. पण तिचं काम मला समजलं ते असं. गुडघ्यातली गादी झिजायला लागली की तिचा बारीक चुरा रक्तात उतरतो. त्याला ती प्रथिनं म्हणायची. एक्स-रेत झीज दिसते तोवर लई उशीर झालेला असतो, म्हणून आधी रक्तातच तिचा माग लागतो का, हे ती शोधत होती. त्यासाठी दुखऱ्या गुडघ्यांचं रक्त हवं आणि ताडून बघायला निरोगी गुडघ्यांचंही. तेही सकाळी, चालायच्या आधी, कारण चाललं की प्रथिनं वाढतात. "मी येईपर्यंत अंथरुणातून उतरायचं नाही," असा तिचा हुकूम. पौडचा माझा दुकानदार दोस्त चाँदभाई दुखऱ्यांच्या यादीत होता. तो ह्या हुकमावर नऊ वाजेपर्यंत पांघरूण घेऊन पडला, दुकान बंद. भाभी म्हणाली, "रक्त कवाच घेऊन गेली ती बाई. आता कुणासाठी पडलाय?"

मला तिनं देवळापुढं चारचौघांत विचारलं, "आबा, तुमचे गुडघे दुखतात?" चाँदभाई शेजारीच दात काढत बसलेला.

"दुखायला मी काय ह्याच्यावाणी म्हातारा हाय?" मी म्हणालो.

एक्स-रेतही काही दिसलं नाही. झालं, मी निरोगींच्या यादीत. खरं तर वर्षभर उजवा गुडघा मला जिन्यावर रडवत होता, पण ते मी घरच्या म्हातारीलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

पुढं उन्हाळ्यात बाईचं जेवण सुटलं. म्हातारीनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "मावशी, एका निरोगी माणसाचं रक्त दुखऱ्यासारखं निघतंय. तीनदा तपासलं. माझी पद्धतच चुकली असेल तर दोन वर्षं पाण्यात गेली." कुणाचं रक्त ते तिनं सांगितलं नाही. मला विचारायची गरज नव्हती.

दोन दिवस मी माडीकडं फिरकलो नाही. सत्तर वर्षांची ऐट एकदम सोडवत नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी-पिठल्याचं ताट घेऊन जिना चढलो आणि दारातच म्हणालो, "बाई, त्यो मी. उजवा गुडघा. वरीस झालं."

तिनं आधी माझ्या गुडघ्याकडं बघितलं. "कधी जास्त दुखतो?"

"जिन्यावर. आन् उकिडवं बसलं की."

ती तिथंच खाली बसली आणि हसत सुटली. "म्हणजे रक्त खरं बोलत होतं."

"आन् मी खोटा, आसं म्हणा की सरळ."

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आबा," भाकरी मोडत ती म्हणाली, "पण आज मी जेवणार. तुमचं रक्त मात्र यादीतून बाद. चुकीचं सांगितलेलं धरता येत नाही." मला बरं वाटलं, आणि रागही आला. चाँदभाईचं रक्त शास्त्राला चालतं, माझं चालत नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

तिचं काम संपलं, ती पुण्याला गेली. पंधरा दिवसांनी एकदा फोन येतो. "आबा, खरं सांगा, जिना चढताना दुखतं का?"

"आता न्हाई दुखत," मी सांगतो. हे मात्र खोटं नाही. माडीवर जायला आता काही कारणच पडत नाही.