सहा वाफ्यांच्या ॲपमधला सातवा वाफा

इथे भुताखेतांचे अनुभव लिहिणाऱ्या बहुतेकांना कोणीतरी झाडाखाली उभं दिसतं, कोणाला पैंजण ऐकू येतात. मला आजवर काहीच दिसलेलं नाही... चष्मा कपाळावर असला तर तोही दिसत नाही. वय बावन्न. वर्ध्यात एका कॉलेजात पोरांना प्रोग्रामिंग शिकवतो, आणि दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो – कॉम्प्युटर आपण सांगितलं तेवढंच करतो. यंदा ते लिहिताना हात जरा अडखळला. का, ते सांगतो.

माझी सासुरवाड देवळीजवळ, डांबरी रस्त्यापासून थोडी आत. भाजीपाल्याची शेती, सहा मोठे वाफे. दिवाळीच्या सुट्टीत मला हुक्की आली आणि मी त्यांच्यासाठी एक ॲप बनवलं. हायब्रिड – म्हणजे आतून वेबपेज, वरून ॲपचा सदरा. खाली चार टॅब: आज, वाफे, बाजार, बियाणं. वापरणारे चौघे: सासरे, सासू, माझा साळा गजानन, आणि टेस्टिंगच्या नावाखाली मी. बायकोनं, वंदनानं, इन्स्टॉल करायला साफ नकार दिला. म्हणाली, लग्नात एक गळ्यात पडलंय, तेच अजून नीट चालत नाही.

मामाजी, म्हणजे सासरे, हौसेनं सगळं भरायचे. फक्त बियाणं टॅबमधला ‘कुठे ठेवलं’ हा रकाना त्यांनी कायम कोरा ठेवला. त्यांच्या घरची पद्धतच तशी. वांग्याचं बी घरातला मोठा माणूस राखेत घालून कुठेतरी ठेवतो आणि रोप टाकायच्या दिवशीच बाहेर काढतो. जागा तोंडातून काढायची नाही, काढली की बी रुसतं.

“बियाची जागा कोनी लिहून ठेवते का, जवाईबापू?” असं म्हणाले होते. मी हसलो होतो.

फेब्रुवारीत मामाजी झोपेतच गेले. जागा कोणालाच सांगितलेली नव्हती.

आता हे वांगं म्हणजे काय ते सांगायला हवं. पांढुरक्या जांभळ्या रंगाचं, देठाला काटे, आणि भाजलं की साल अंगरख्यासारखी निघून येते. देवळीच्या बाजारात लोक टोपल्या उलथ्यापालथ्या करून हेच शोधतात. घरचं बी, कितीतरी वर्षांचं. मे संपत आला तरी ते सापडेना. कोठी झाली, माळा झाला, गोठ्याच्या वळचणी झाल्या. शेवटी गजाननानं दुकानातून पाकीट आणून ठेवलं. रविवारी रोप टाकायचंच, त्यापुढे उशीर. त्याचंही चूक नव्हतं. पण मामी, म्हणजे सासूबाई, त्या पाकिटाकडे बघायलाही तयार नव्हत्या.

“वांगं गेलं तं मानूस दुसऱ्यांदा गेल्यावानी होईन,” एवढंच म्हणाल्या.

मी गुरुवारी तिथे पोचलो तो बी शोधायला नाही. मामी आता मामाजींचाच फोन वापरत होत्या आणि त्यांची तक्रार होती, ॲप भलतीकडेच जाते. बाजार टॅबमध्ये भाजीचं नाव दाबलं की तिचं पान उघडतं. मग बॅक दाबलं की बाजाराच्या यादीवर परत यायला हवं. त्यांच्याकडे ते वाफे टॅबमधल्या एका कोऱ्या पानावर जायचं.

हे दुखणं मला ठाऊक होतं. प्रत्येक टॅबची पानांची आपापली चळत असते, बॅक म्हणजे वरचं पान उचलणं. एका चळतीतलं पान दुसरीत मिसळलं की गोंधळ. पोरं दरवर्षी हे करतात आणि मी दरवर्षी त्यांना झापतो. बघतो तर मीही केलेलं – दोन पानांना एकच पत्ता दिलेला. कोणी पाहायच्या आत दुरुस्त केलं. माझ्या फोनवर चोख. गजाननच्या फोनवर चोख. मामींनी बॅक दाबलं... कोरं पान.

मग मी हट्टाला पेटलो. कडुनिंबाखाली बाज टाकली, मांडीवर लॅपटॉप. ॲप काढलं, पुन्हा टाकलं. फोन आतून पुसून नव्यासारखा केला. शुक्रवार गेला. गजानन येता-जाता विचारायचा, “भाऊजी, पगार कोन देऊन राह्यलं याचा?” शनिवारी सकाळी सहज म्हणून मामींच्या हातात गजाननचा फोन दिला – तोच, चोख चालणारा. त्यांनी दाबलं. कोरं पान. मी त्यांच्या हातातून घेऊन दाबलं. बाजाराची यादी. पुन्हा त्यांनी... कोरं पान. मी त्यांना बोट पुसायला लावलं, डाव्या हातानं दाबायला लावलं. तेच.

आता मात्र ॲप कुठून कुठे जातं ते पावलागणिक लिहून दाखवेल अशी एक ओळ घातली आणि फोन लॅपटॉपला जोडला. मामींनी बॅक दाबलं. स्क्रीनवर उमटलं – वाफे, पान 7.

वाफे सहाच. भरलेले सहाच. मोजण्यात एकाची गफलत झाली म्हणावी, तर नंबर मी मोजतच नव्हतो, मामाजींनी लिहिलेला जसाच्या तसा उचलत होतो. आख्ख्या कोडमध्ये सात हा आकडा शोधला. नव्हता.

“सातवा वाफाच नाही, तर हे जातं कुठे?” मी स्वतःशीच बोललो.

मामी शेजारी बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. त्यांचे हात थांबले.

“हाये ना सातवा,” त्या म्हणाल्या. “जुन्या विहिरीपल्याड. लग्नाच्या साली यायनं तेवढा तुकडा मले देल्ला होता, तुह्या मनानं लाव म्हनून. बोअर झाली तवापासून पडीत हाये.”

गजानन म्हणाला, मले तं हे कोनी सांगितलंच नाई.

“तुमी कोनी इचारलं काऊन नाई?”

शेंगा बाजूला सारून मामी उठल्या. सकाळचे अकरा, ऊन असं की चपलेतून चटका बसावा. मामी पुढे, डोक्यावर पदर, आम्ही दोघे मागे जवळजवळ धावत. विहिरीपल्याड बाभळी माजलेल्या. मोटर ठेवायची जुनी खोली, छप्पर केव्हाच गेलेलं. आतल्या भिंतीत एक कोनाडा माती-शेणानं लिंपलेला, आणि ते लिंपण भिंतीपेक्षा बरंच नवं. गजाननानं विळ्यानं खरवडलं. आत वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा, तोंडाला चिंधीचा बोळा. त्यात राख. राखेत बी.

मामींनी चिमूटभर तळहातावर घेतलं, फुंकर मारून राख उडवली आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या. मग गजाननाला म्हणाल्या, “थे पाकीट दुकानात वापस करून येजो.”

रविवारी रोप टाकलं. आठव्या दिवशी उगवलं.

त्या शनिवारीच घरी आल्यावर मी मामींना पुन्हा बॅक दाबायला लावलं. बाजाराची यादी आली. वीसेक वेळा लावलं असेल. प्रत्येक वेळी यादीच. मधल्या वेळात मी एक अक्षर बदललेलं नव्हतं. शेवटी त्या वैतागल्या.

“आता काऊन जाईन थे तिकडं?” असं म्हणून गवार निवडायला निघून गेल्या.

कॉलेजात एका सहकाऱ्याला सगळं दाखवलं. तो म्हणाला, कॅशमध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या साठ्यात, जुनं काहीतरी राहिलं असेल. माहीत नसलं की मीही पोरांना हेच सांगतो. पण राहायला आधी काही असावं लागतं ना? सातवा वाफा त्या ॲपमध्ये कोणी कधी घातलाच नव्हता. तो लॉग, म्हणजे ती पावलागणिक नोंद, मी जपून ठेवलाय. अजून उघडून बघतो, अजून काही हाती लागत नाही.

जुलैत मामींनी बाभळी तोडून घेतल्या आणि वांग्याची रोपं त्या तुकड्यातच लावली. सातव्या वाफ्याचं पान मी आता खरंच घातलंय, फोटोसकट. मामी बाजारात वांगं दाबतात, बॅक दाबतात, यादी येते. अगदी बरोबर. मी मागे उभा राहून बघत असतो... आणि दर वेळी ते बरोबर आलं की थोडं वाईट वाटतं.