ठिगळावरचा मोर

एक अत्यंत गंभीर निवेदन, कृपया उभं राहून ऐकावं: शारजातल्या वादळात आमच्या कॅरॅव्हॅनची, म्हणजे गाडीमागे जोडायच्या फिरत्या घराची, एक बाजू टराटरा फाटली.

"भंगारात द्या," बायकोने निकाल दिला.

मी ती औद्योगिक भागातल्या एका पठाणाच्या गॅरेजात नेली. त्याचं नाव कधी कळलंच नाही. ठोकण्याआधी तो पत्र्यावरून, घोड्याची मान थोपटावी तसा, हात फिरवायचा.

न्यायला गेलो, तर ठिगळावर पठाणांच्या मुलखातल्या ट्रकवर रंगवलेला असतो तसा भलामोठा मोर!

"खानसाब, ये किसने बोला था?"

"नंगा पत्रा रोडपे भेजेगा? हमारा भी इज्जत है, हबीबी!" तो मिशी पिळत म्हणाला.

बायकोला काय सांगायचं ते घोकत घरी आलो. बायको खाली उतरली, मोर डोळे भरून पाहिला आणि ओरडली, "अहो, दुसरी बाजू का नाही फाटली?"